दोन नागडे पुरुष आणि एक कायदा

शीर्षक वाचून कुणी दचकलं असेल तर दचकू दे. विषयच तसा आहे, आणि तो सोवळ्यात गुंडाळून बोलत राहिल्यानेच त्याचा इतका घोळ झालाय.

पहिला पुरुष स्टीफन गॉफ, ब्रिटनच्या रॉयल मरीन्समधला माजी सैनिक. २००३ साली पायांत बूट, पाठीवर पिशवी आणि बाकी अंगावर काही नाही अशा अवतारात तो लँड्स एंडपासून जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चालत निघाला. देहात लाजण्यासारखं काही नाही, एवढंच त्याचं म्हणणं. स्कॉटलंडमध्ये पोलिसांनी त्याला पकडलं. शिक्षा भोगून तो तुरुंगाच्या दारातून तसाच बाहेर पडला, तर दारातच पुन्हा अटक. हा खेळ इतक्या वेळा झाला की माणसाची कित्येक वर्षं कोठडीत गेली. २०१४ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही त्याची बाजू मान्य केली नाही.

दुसरा वेन कझन्स, लंडनच्या पोलीस दलातला शिपाई. नोव्हेंबर २०२० मध्ये तो एका निर्जन रस्त्यावर सायकलवरून जाणाऱ्या बाईसमोर नागडा उभा राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोनदा, गाडीत बसूनच खाणं घेता येतं अशा दुकानाच्या खिडकीपाशी, त्याने तिथल्या कर्मचारी मुलींना तेच दाखवलं. तक्रार झाली, गाडीचा नंबरही दिला गेला. गाडी त्याच्याच नावावर होती. तरी कुणी त्याच्यापर्यंत पोचलं नाही. ३ मार्चला त्याने रस्त्याने घरी चाललेल्या एका तरुणीला पळवलं, तिच्यावर बलात्कार केला आणि तिला मारून टाकलं. खुनासाठी त्याला मरेपर्यंत जन्मठेप झाली. आधीच्या प्रकारांबद्दल १९ महिन्यांची शिक्षा झाली, ती २०२३ मध्ये.

असं करणारा प्रत्येक जण पुढे खुनी होतो असं मी म्हणत नाही. बहुतेक होत नाहीत. पण यंत्रणेची सगळी चिकाटी कुणाच्या वाट्याला आली आणि तिचा कंटाळा कुणाच्या पथ्यावर पडला, ते बघा.

मी नववीत असताना एक माणूस असाच समोर आला होता. घरी सांगितलं तर उत्तर मिळालं, "वेडा असेल गं, लक्ष नको देऊस. आणि त्या रस्त्याने जाऊ नकोस." रस्ता माझा बंद झाला, त्याचा नाही. आज मोठी झाल्यावर कळतं की त्याला माझं लक्षच हवं होतं. मी घाबरणं हाच त्याचा सगळा कार्यक्रम होता.

कायद्याला हे कळायला फार वेळ लागला. १६६३ मध्ये सर चार्ल्स सेडली या दारू प्यायलेल्या सरदाराने लंडनमधल्या एका सज्जावर नागडं उभं राहून तमाशा केला आणि त्याला जबर दंड झाला. इंग्लंडच्या कायद्यात या गुन्ह्याचं मूळ तिथे शोधतात. १८२४ च्या भटक्यांविरुद्धच्या कायद्यात 'स्त्रीचा अपमान करण्याच्या हेतूने' अंग उघडं करणारा बसवला, पण भिकारी आणि उडाणटप्पूंच्या रांगेत, जास्तीत जास्त ३ महिने. थेट २००३ च्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात कलम ६६ आलं. त्यात दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: गुप्तांग मुद्दाम दाखवलं, आणि ते बघून कुणीतरी घाबरावं किंवा व्यथित व्हावं असा हेतू होता. शिक्षा २ वर्षांपर्यंत. या व्याख्येत गॉफ बसत नाही, कझन्स अचूक बसतो. म्हणजे कागदावर कायदा शहाणा झाला होता. गॉफला स्कॉटलंडमध्ये आत टाकलं ते शांतताभंगासारख्या मोघम गुन्ह्याखाली.

हाच मोघमपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये आहे. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य, इतरांना त्रास, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात इजा होते ती सभ्यतेला, समोरच्या माणसाला नव्हे. कलम ७९ त्याहून कडक, ३ वर्षांपर्यंत, पण तिथे शब्द आहे 'वस्तू' दाखवणे. पुरुषाचं शरीर वस्तूत मोडतं का, यावर वकिलांना बोलायला जागाच जागा. गंमत म्हणजे मुलांसाठीच्या पॉक्सो कायद्यात 'शरीराचा भाग' हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. मुलांसाठी जे सुचलं ते बायकांसाठी का सुचलं नाही?

जर्मनीत कलम १८३ फक्त पुरुषालाच लागू होतं. कमाल शिक्षा १ वर्ष, पण दीर्घ उपचारांनी तो सुधारेल अशी आशा असेल तर न्यायालय शिक्षा स्थगित ठेवू शकतं. लासेग या फ्रेंच डॉक्टरने १८७७ मध्येच या प्रवृत्तीला नाव देऊन ठेवलंय, म्हणजे 'वेडा असेल' हे अगदीच खोटं नव्हतं. पण मग उपचारांना पाठवा ना! आम्हाला रस्ता बदलायला का सांगता? कॅलिफोर्निया दुसऱ्या टोकाला. तिथे दुसऱ्यांदा दोषी ठरलात की गुन्हा गंभीर वर्गात जातो, आणि लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव तर पहिल्या वेळीच लागतं. पूर्वी ते आयुष्यभरासाठी असे, २०२१ पासून अशा गुन्ह्यासाठी साधारणपणे किमान १० वर्षं. मला आयुष्यभराची नोंद जाचक वाटायची. नोंदच नसणं त्याहून वाईट, हे कझन्स प्रकरण वाचल्यावर पटलं.

आता तर रस्त्यावर यायचीही गरज उरली नाही. रेल्वेत बसलेल्या अनोळखी मुलीच्या फोनवर फोटो पाठवला की झालं. इंग्लंड-वेल्समध्ये जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून याला कलम ६६अ लागतं. हेतू साधारण तोच, शिक्षाही तीच, २ वर्षांपर्यंत. अंतर बदललं म्हणून गुन्हा हलका झाला नाही, हे मला आवडलं.

शिक्षेची वर्षं वाढवा म्हणून मी हे लिहीत नाही. पहिल्या तक्रारीला कुणी हसू नये, ती लिहून घ्यावी आणि दुसरी आली की पहिली काढून तिच्या शेजारी ठेवावी, एवढंच हवंय. कझन्सच्या बाबतीत सायकलवरच्या बाईनेही तक्रार केली होती. दुकानातल्या मुलींनी तर गाडीचा नंबरच हातात दिला होता.