लॉकर लावला की ट्रॅक्शन कंट्रोलचं काय होतं?

लॉकर म्हणजे एका ॲक्सलवरची दोन्ही चाकं एकत्र जखडून एकाच वेगाने फिरवणारी यंत्रणा. ‘ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर लॉकरचा खर्च कशाला?’ असा सल्ला एका लेखात वाचला; कोकणातल्या पावसाळ्यात तो अर्धाच खरा. ट्रॅक्शन कंट्रोल चाक गरगरायला लागल्यावरच जागा होतो. मोकळ्या सुटलेल्या चाकाला ब्रेक लावून तो जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवतो. ओल्या जांभ्याच्या चढावर तेवढ्या वेळात शेवाळावरून गाडी आडवी सरकलेली असते. लॉकर आधीच लावायचा असतो: चढाच्या पायथ्याशी, गाडी थांबवून किंवा अगदी हळू असताना, स्टिअरिंग सरळ ठेवून. चाक जागच्या जागी गरगरत असताना लॉकरचं बटण दाबलंत तर त्याच्या आतले दात झिजतात.

मागचा लॉकर लावल्यावर मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, तिथे ट्रॅक्शन कंट्रोलला काम उरत नाही. पुढच्या चाकांवर मात्र तो हवाच. काही गाड्यांत लॉकर लावताच ट्रॅक्शन कंट्रोल चारही चाकांवरचा बंद होतो, मॅन्युअल बघा. चालू असेल तर ब्रेकची करकर ऐकून पाय काढू नका, ॲक्सिलरेटर स्थिर धरा.

पुळणीत उलट. (बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी घालायला बंदी आहे, ते वेगळं.) तिथे ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कापतो आणि गाडी रुतते. तो बंद करा, टायरची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा.

चिखलानंतर चाकांजवळचे, चाकांचा वेग मोजणारे सेन्सर गोड्या पाण्याने धुवा. लाल माती तिथे वाळून बसली की एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि ट्रॅक्शन कंट्रोलही गप्प होतो.