तीन हात पॉलियुरेथेन

साडूभाऊंनी मी टाकाऊ लाकडातून केलेला कोस्टर, म्हणजे ग्लासखाली ठेवायचा लाकडी तुकडा, उचलला, उलटा केला, नाकाशी नेऊन वास घेतला, "वा!" म्हणाले आणि थंड पाण्याचा घाम सुटलेला ग्लास त्याच्या शेजारी, थेट टेबलावर ठेवला.

"अहो, कोस्टरवर ठेवा ना."

"छे छे! इतकी सुबक वस्तू ओली कशाला करायची?"

"ओली व्हावी म्हणूनच केलीय ती."

"खराब होईल हो."

"नाही होणार. तीन हात पॉलियुरेथेन आहे तिच्यावर, पाणी अडवणारं वॉर्निश."

"तीन हात? बघा! एवढी मेहनत, आणि मी त्यावर ग्लास ठेवू?"

यावर काय बोलणार? टेबलाला लाखेचं पॉलिश आहे. पाण्याची ओल त्यात शिरून अडकली की पांढरं कडं उमटतं. ते कडं साडूभाऊंच्या कोपराजवळ शांतपणे उमटत होतं, आणि कोस्टर मात्र कोरडा ठणठणीत.

"बाकी लाकूड टाकाऊ ना? म्हणजे फुकटच पडलं असेल."

फुकट! जुनं लाकूड नव्याच्या दुप्पट वेळ खातं. पॅलेटची, म्हणजे मालाखाली ठेवतात त्या लाकडी चौकटीची, फळी घ्यायची तर आधी तिच्यावरचा शिक्का बघायचा. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेली, ती चालते. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ती सोडायची. कसलेसे तेलकट डाग असलेली फळी तर हातातही घ्यायची नाही. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, त्यामुळे तो कोरडा घासायचा नाही. मग जंबुराने खिळे. डोकं तुटून आत राहिलेला खिळा डोळ्याला दिसत नाही, करवतीच्या दाताला बरोबर सापडतो. म्हणून प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवायचं.

"पण फोटोत गोल चकत्या असतात, सालीसकट. तशा का नाही केल्यात?"

कारण त्या तडकतात, साडूभाऊ! लाकूड वाळताना वाढकड्यांच्या, म्हणजे आतल्या गोल वलयांच्या, दिशेने जवळजवळ दुप्पट आकसतं, गाभ्याकडून सालीकडे त्यामानाने कमी. हा ताण कुठेतरी सुटणारच, आणि तो परिघापासून गाभ्यापर्यंत चीर पाडून सुटतो. मग साल गळते. फोटो त्याच्या आधी काढलेला असतो.

त्यापेक्षा १० सेंटिमीटर रुंद, १२ मिलिमीटर जाड पट्टी बरी. रंधा आणि घासकाम पट्टी लांब असतानाच उरकायचं, तुकडे शेवटी. छोटा तुकडा मशीनवर धरायला गेलं की बोटं पात्याजवळ जातात. करवतीपाशी एक ठोकळा अडवणीला लावला की सगळे तुकडे सारख्या मापाचे निघतात. पॉलिश पेपर खरखरीतकडून मऊकडे, ८०, १२०, १८०, २२० या क्रमाने. मग ओल्या फडक्याने पुसायचं. दबलेले तंतू उभे राहतात. वाळल्यावर पुन्हा २२०. ही पायरी गाळली तर पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचा पहिलाच हात पृष्ठभाग खरखरीत करतो.

हात सहाही बाजूंना सारखे द्यायचे. वरून तीन आणि खालून एक दिला तर ओल एकाच बाजूने शिरते आणि कोस्टर वाटीसारखा वाकतो. कापलेल्या टोकांना जास्त प्यायची सवय, तिथे चौथा हात. हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच गरम मग ठेवायचा नाही. थर पुरता कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. वर दोन मिलिमीटर खोल चर पाडायचे, नाहीतर पाण्याच्या थराने कोस्टर ग्लासच्या बुडाला चिकटतो, ग्लासबरोबर वर उठतो आणि तोंडापाशी पोचल्यावर खाली पडतो. तळाला फेल्टऐवजी, म्हणजे दाबलेल्या लोकरी कापडाऐवजी, बुचाचा पातळ तुकडा लावायचा. फेल्ट पाणी पितं आणि ते टेबलालाच पाजत बसतं.

हे सगळं मी सांगितलं. चरांपर्यंत आलो तेव्हा साडूभाऊंनी दुसरा ग्लास भरून घेतला होता. तोही टेबलावर.

"मलाही सहा द्या करून," ते म्हणाले. "फक्त मागे एकेक हूक लावा. दिवाणखान्यात ओळीने टांगतो."

हुकासाठी भोक पाडलं की थर फुटतो आणि ओल थेट आतल्या कोऱ्या लाकडात शिरते, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. भिंतीवर कुठली आलीय ओल!