'नऊ दाबा' म्हणणाऱ्यांनो, एक माणूस द्या

आईच्या आरोग्य विम्याचा एक साधा प्रश्न कंपनीच्या ॲपला आणि फोनला विचारून टक्कुरं फिरलंय म्हणून लिहितोय. शांत डोक्यानं लिहायचं ठरवलं असतं तर हे दिवाळीपर्यंत लिहून झालं नसतं.

प्रश्न एवढाच होता. आईचं वय ६८. बी.पी.ची गोळी चालू आहे आणि ती विमा कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पाच लाखांचा आरोग्य विमा आता कुठं पुरतोय, म्हणून नूतनीकरणाला तो दहा लाखांचा करायचा होता. ॲपवर फॉर्म उघडला. त्यात विचारलंय, "आपल्याला कधी हृदयविकाराचे निदान, तपासणी अथवा उपचार झाले आहेत का?" खाली दोन गोल. हो. नाही. विषय संपला.

आता ऐका. काही वर्षांपूर्वी आईच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, एकदा खात्री करून घेऊ. अँजिओग्राफी झाली. सगळं साफ निघालं, पित्ताचा त्रास होता तो. घरी आली आणि चार दिवसांत भाकऱ्या थापायला बसली. म्हणजे निदान नाही, उपचार नाहीत, पण तपासणी आहे. मग काय टिचकी मारू? 'हो' म्हटलं की तुमचं मशीन आईला हृदयरोगी ठरवणार, जादा हप्ता लावणार नाहीतर वाढीव रक्कम सरळ नाकारणार. 'नाही' म्हटलं आणि उद्या खरंच काही झालं, तर त्याच हॉस्पिटलची जुनी फाईल काढून तुम्हीच म्हणणार, माहिती लपवली, क्लेम मिळणार नाही. रिपोर्ट जोडायला जागा नाही. दोन ओळी लिहायला चौकट नाही. दोन गोल आणि खाली 'पुढे जा'.

कुणी म्हणेल, नियम आहे की, सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. आहे, मान्य. पूर्वी आठ वर्षं होती, २०२४ ला पाच झाली. पण वाढवलेल्या रकमेला ती पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. म्हणजे आईच्या जुन्या पाच लाखांना एक न्याय आणि नव्या पाच लाखांना दुसरा. एकाच बाईच्या एकाच काळजाला दोन कॅलेंडरं! हे तुमच्या बॉटला, म्हणजे ॲपवर उत्तरं देणाऱ्या मशीनला विचारलं. बॉटला एका मुलीचं नाव दिलंय, हसरा चेहराही दिलाय. ती म्हणते, "आपल्या आरोग्याची काळजी घेतल्याबद्दल अभिनंदन! आपण कोणती योजना पाहू इच्छिता?" आयला, योजना नको गं बाई, उत्तर पाहिजे. पुन्हा विचारलं. तिनं पॉलिसीच्या अटींची इंग्रजी पीडीएफ पाठवली.

मग फोन. मराठीसाठी अमुक दाबा, आरोग्यासाठी तमुक दाबा, प्रतिनिधीशी बोलायचं असेल तर नऊ दाबा. नऊ दाबलं की पहिल्यापासून तेच रेकॉर्ड. शेवटी एक पोरगं लागलं. मराठी दाबून हिंदी मिळाली, तेही चालवून घेतलं, पोराची काय चूक. त्याला अँजिओग्राफीचं सांगितलं तर म्हणाला, "सर, जो आपको सही लगे वो सिलेक्ट कर लीजिए." मला सही वाटायला मी काय हृदयरोगतज्ज्ञ आहे की विमा द्यायचा का नाही ते ठरवणारा तुमचा अंडररायटर? कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवतो मी. त्याला म्हटलं, हेच मेलवर लिहून दे. फोन कट.

आमचे जुने एजंट होते राजारामपुरीत. वयानं थांबले. तेव्हापासून कंपनीचं एकच पालुपद, तुमची सेवा आता थेट ॲपवर. स्टेशन रोडला शाखा होती, तीही गुंडाळली. आता एजंट म्हणजे देवमाणूस होते असं मी म्हणत नाही. कमिशन खायचे, दिवाळीला एक कॅलेंडर देऊन वर्षभर उपकार केल्यासारखं करायचे, आणि एकदा नको असलेली अपघात पॉलिसी गळ्यात मारायला बघत होते. पण त्यांना धरता यायचं. संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला यायचे, तिथं गाठून विचारता यायचं, काय हो, हे कलम काय आहे? आणि सगळ्या कट्ट्यादेखत विचारलं की उत्तर द्यावंच लागायचं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच कट्ट्यावर यायचं असायचं. बॉटला कुठला कट्टा?

कागदाचा फॉर्म होता तेव्हा त्यात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. गिऱ्हाइकानं मराठीत सही केली किंवा अंगठा उठवला, तर समजावून सांगणाऱ्यालाही सही करावी लागायची, की यातला मजकूर मी यांना त्यांच्या भाषेत समजावला आणि तो यांना समजला. खाली त्याचं नाव, पत्ता. म्हणजे उद्या भानगड झाली तर बोट दाखवायला एक माणूस होता. ॲपवर त्या जागी काय आहे? "मला सर्व अटी व शर्ती समजल्या आहेत." छोटा चौकोन. टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समजलं नाही असं सांगायला बटणच नाही! समजावण्याची जबाबदारी तुमच्याकडं होती, ती एका टिकेवर आमच्या डोक्यावर. याला म्हणे डिजिटल क्रांती.

बरं, हे फक्त फॉर्मपुरतं नाही. शेजारच्या वहिनींचं बघा. दादांना रात्री ॲडमिट केलं, काउंटरवरचा माणूस म्हणाला, खोली कुठली देऊ? सेमी-स्पेशल शिल्लक नाही, स्पेशल आहे, दिवसाला आठ हजार. विमा आहे ना? आहे. मग घ्या की. वहिनींनी घेतली. त्या वेळी कोण पॉलिसी वाचत बसतंय! त्यांच्या पॉलिसीत खोलीभाडं दिवसाला एक टक्का, म्हणजे पाच लाखांवर पाच हजार. त्यांना वाटलं, वरचे तीन हजार आपण भरू. तसं नसतंय. पाच हजारांची मर्यादा आणि आठ हजारांची खोली, म्हणजे डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं आठातलं पाच याच हिशोबानं मंजूर. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लावायची नाही असा नियम आहे, पण बाकीचं ऐंशी हजारांचं बिल असेल तर पन्नास मंजूर आणि तीस हजार खिशातून. एका वाक्याचा सल्ला होता हो हा. "वहिनी, स्पेशल घेऊ नका, सेमी मिळेपर्यंत जनरलला थांबा." रात्री अकराला फोन उचलणारा माणूस हे वाक्य बोलला असता. ॲपनं रात्री अकराला काय पाठवलं ठाऊक आहे? चालण्याची पावलं पूर्ण करा आणि सवलत मिळवा.

आणि नियम चांगले नाहीत असंही नाही, राग त्याचाच जास्त येतो. २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामकानं सरळ लिहिलंय, कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीनं परस्पर भरायच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्या, डिस्चार्जच्या बिलाला तीन तासांत मंजुरी द्या, आणि उशीर झाल्यामुळं हॉस्पिटलनं जादा आकार लावला तर तो कंपनीनं सोसायचा. कुणाला माहीत आहे हे? 'क्वेरी आलीय', म्हणजे कंपनीनं शंका काढलीय म्हटलं की आमची माणसं टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या डेस्कसमोर दिवसभर हात जोडून उभी. तिथं जाऊन 'साहेब, तीन तास झाले, आता जादा आकार तुमच्या कंपनीचा' म्हणणारा कोण? नियम पीडीएफमध्ये झोपलेत आणि त्यांना उठवणारा माणूस तुम्ही खर्च वाचवायला काढून टाकला.

यातला खरा विनोद पुढं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत गरिबाकडून हप्त्याचा रुपया घेत नाहीत. पण योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसवलेला असतो. कधी जागेवर नसतो, कधी जेवायला गेलेला असतो, कधी खेकसतो, सगळं खरं. पण खुर्ची आहे, खुर्चीवर माणूस बसतो आणि त्याला विचारता येतं, माझं कार्ड चालेल का, कागद कुठला आणू. गावागावांत माणूस पाहिजे हे नियामकालाही पटलंय, म्हणून तर ग्रामपंचायतीत विमा वाहक म्हणून बायकांना नेमायची कल्पना काढली. आणि आम्ही वर्षाला घसघशीत हप्ता भरणारे, आमच्या वाट्याला हसरा चेहरा!

जीएसटीचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२५ ला वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला. बरं वाटलं. लगेच काही कंपन्यांनी इनपुट क्रेडिट, म्हणजे स्वतः भरलेल्या कराची वजावट गेली म्हणत एजंटांच्या कमिशनला कात्री लावली. म्हणजे जे उरलेत तेही आता किरकोळ पॉलिसीच्या माणसाचा फोन कशाला उचलतील?

आणि मला विचारायचं होतं ते काय फक्त अँजिओग्राफीचंच नव्हतं. आई दोन वर्षांनी ७० ची होईल. ७० च्या पुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं वय वंदना कार्ड मिळतं, खासगी विमा असला तरी मिळतं. मग आत्ता दहा लाख करावेत, की पाचच ठेवून वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरच्या खर्चाचा जोडविमा घ्यावा? की दुसऱ्या कंपनीत पोर्ट करावं? पोर्ट केलं तर आधीच्या आजारांच्या क्लेमसाठी वाट पाहिलेली जुनी वर्षं सोबत येतात, पण नवी कंपनी या वयात घेईलच याची खात्री नाही. याला हिशोब लागतो, आईची फाईल बघावी लागते, घरात कमावणारे किती हे विचारावं लागतं. बॉटचं उत्तर? "आपल्यासाठी सर्वोत्तम: १० लाख, प्रीमियम प्लॅन." मी अजून आईचं वयही टाकलं नव्हतं.

आमचा पुतण्या पुण्यात आयटीत आहे. म्हणतो, काका, जुन्या काळात राहू नका, आता हे सगळं मशीनच माणसापेक्षा चांगलं सांगतं. भावा, पत्ता बदलायचाय, पावती पाहिजे, कार्डाची प्रत पाहिजे, तिथं खुशाल मशीन ठेव, मी टाळ्या वाजवीन. विमा हा मोबाईलचा रिचार्ज नाही रे. रिचार्ज चुकला तर दोनशे रुपये गेले, हे चुकलं तर घर गहाण. तुझं मशीन चुकलं तर सही कुणाची? हे सांग, मग मी ॲप उघडतो. पुतण्या गप्प बसला, मग म्हणाला, काका, चॅटचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. बघा, त्याचाही भरवसा नाही!

मी टिचकी मारलेली नाही. 'हो'वर नाही, 'नाही'वरही नाही. मुदत संपायच्या आत जुन्या पाच लाखांचं नूतनीकरण केलं, कारण खंड पडला तर आईची आतापर्यंतची सगळी वर्षं पाण्यात. वाढीव रकमेसाठी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला साध्या मराठीत पत्र लिहिलंय. सोबत अँजिओग्राफीचा रिपोर्ट जोडलाय आणि खाली विचारलंय, हे वाचून तुमच्या प्रश्नाला 'हो' लिहू की 'नाही', ते तुमच्या एका जिवंत माणसानं नाव, हुद्दा आणि सहीनिशी कळवावं. स्पीड पोस्टानं पाठवलंय, पोचपावतीसकट. महिनाभर वाट बघणार, मग नियामकाचं तक्रारीचं बीमा भरोसा पोर्टल, आणि तिथंही बॉटच भेटला तर पुण्याला विमा लोकपालाकडं. तिथं फी लागत नाही, वकील लागत नाही. लेथ एक दिवस बंद ठेवीन, पण जाईन.