आयएस ३५० ला 'सोफा' म्हटलं म्हणून: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट रात्री झोपताना वाचली आणि मग झोप कसली येते, त्यामुळे हे उत्तर जरा लांबलंय, चहा घेऊन बसा. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की लेक्सस (टोयोटाचा महागड्या गाड्यांचा ब्रँड) आयएसची पहिली पिढी हीच खरी स्पोर्ट्स सेदान, २००५ नंतर तिचा सोफा झाला. तुमच्याकडे २००६ ची आयएस ३५० आहे आणि तुमचं म्हणणं असं की हे सगळं माझं जुन्या गाडीवरचं आंधळं प्रेम आहे, पहिल्या पिढीच्या आयएस ३०० ची ताकद २१५ हॉर्सपॉवर, दुसऱ्या पिढीच्या आयएस ३५० ची ३०६, आकडे बघा आणि विषय संपवा. वर माझी एक गिअरबॉक्सची चूकही काढलीत.

आधी चुकीचं बोलू. चुकलंच माझं. अमेरिकेत आयएस ३०० ला सहा गिअरचं मॅन्युअल कधीच मिळालं नाही, पाच गिअरचं मिळालं, तेही २००२ मॉडेलपासून, त्याच्या आधी नुसती ऑटोमॅटिक, स्टिअरिंगवरची बटणं दाबून गिअर बदला. सहा गिअर होते जपानच्या अल्टेझाला (पहिल्या आयएसचं तिकडचं नाव) आणि युरोपातल्या आयएस २०० ला. मी दोन्ही गाड्यांची खिचडी केली. आणि मजा म्हणजे माझ्या दारात, न्यू जर्सीत, २००३ ची आयएस ३०० मॅन्युअल उभी आहे, हायवेवर पाचव्यात गाडी ओरडायला लागली की हात अजून सहावा शोधायला जातो. तरी लिहिताना सहा लिहिलं. काय बोलणार.

आता ताकदीचं. ३०६ आकडा बरोबर आहे, आणि त्या वेळी बीएमडब्ल्यू ३३०आय २५५ वर होती हेही बरोबर. शून्य ते साठ मैल ५.६ सेकंदात असा कंपनीचा दावा होता, माझ्या गाडीचा ऑटोमॅटिकमधला दावा सातच्या पुढे. सिग्नलवर तुम्ही मला धूळ चारणार, वादच नाही. हे मी लेखात लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही, ते सोयीस्करपणे विसरलो असं तुम्ही म्हणालात, ते थोडंफार मान्य.

पण अहो, ती ३०६ ची गाडी मॅन्युअलमध्ये मागायला गेलं की काय मिळायचं? काहीच नाही. इथे हाताने गिअर टाकायचे असतील तर आयएस २५० घ्या, २०४ हॉर्सपॉवर. म्हणजे इंजिन हवं तर गिअर आमच्या ताब्यात द्या, गिअर हवे तर इंजिन विसरा. आणि युरोपात डिझेल २२०डी मात्र फक्त मॅन्युअल! हा हिशोब ज्याने कोणी मांडला त्याला एकदा भेटायचंय.

मी सोफा म्हटलं ते याच्यामुळे, वेगामुळे नाही. पहिल्या गाडीत स्टिअरिंग हायड्रॉलिक, दोन सीटच्या मध्ये हाताने ओढायचा हँडब्रेक, रस्त्यावर बारीक खडी आली तरी तळव्याला कळतं. दुसऱ्या पिढीत स्टिअरिंग इलेक्ट्रिक झालं आणि व्हीडीआयएम नावाची यंत्रणा आली, ब्रेक, इंजिन, स्टिअरिंग सगळ्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवणारी. गाडी घसरायच्या आधीच सावरते, पावसात बायकापोरं मागे बसलेली असताना उत्तमच. पण सुरुवातीच्या वर्षांत ती पूर्ण बंद करायला साधं बटणसुद्धा नव्हतं. मग लोकांनी एक जुगाड शोधला, गाडी सुरू केली की ब्रेक आणि पायाचा पार्किंग ब्रेक ठरावीक क्रमाने, ठरावीक वेळा दाबायचे, घाईघाईने. त्याला पेडल डान्स म्हणतात. तुम्ही कधी केलाय का? स्वतःची गाडी स्वतः चालवायची म्हणून आधी बसल्या बसल्या नाच करायचा, आणि ही स्पोर्ट्स सेदान.

अल्टेझा कशी आली तेही बघा. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात आली, मुख्य इंजिनिअर नोबुआकी कातायामा, लांबी ४.४ मीटर, तिच्या आरएस२०० या मॉडेलचं वजन साधारण १३५० किलो, मागच्या चाकांवर चालणारी. इंजिन दोन लिटरच्या आत, कारण तिथे गाडीचा वार्षिक टॅक्स सीसीवर ठरतो. यामाहाचा हात लागलेलं चार सिलिंडरचं ३एस-जीई त्या दोन लिटरमध्ये २१० पीएस (साधारण हॉर्सपॉवरच) द्यायचं. पण सहा सिलिंडरवालीत, म्हणजे जी युरोपात आयएस २०० म्हणून विकली तिच्यात, १६० च्या आसपास, नुसती ऐट, पळायचं नाव नको. हेही मी लेखात गाळलं होतं, घ्या अजून एक मुद्दा तुमच्या बाजूने. आणि माझ्या गाडीतलं २जेझेड हे 'सुप्राचं इंजिन' आहे असं जे लोक कमेंटमध्ये लिहितात त्यांना सांगतो, बाबांनो, सुप्रा या टोयोटाच्या स्पोर्ट्स कारमधलं ते प्रसिद्ध इंजिन जीटीई, दोन टर्बोवालं, हे जीई आहे, बिनटर्बोचं. भाऊबंद आहेत, पण एकाने तालीम केली आणि एकाने सरकारी नोकरी.

बाकी तुमच्या पिढीबद्दल एक गोष्ट मी उलट कमीच बोललो. ३५० मध्ये पेट्रोल सिलिंडरमध्येही उडतं आणि व्हॉल्व्हच्या आधीही, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात. २५० मध्ये फक्त थेट सिलिंडरमध्ये, म्हणून तिच्या इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनचा थर बसतो, तव्यावर जळकं तेल बसतं ना तसा. तुम्ही योग्य गाडी घेतलीत, तेवढं नक्की.

तिसरी पिढी मला आवडत नाही असं तुम्ही गृहीत धरलंत, तिथे मात्र तुम्ही चुकलात. २०१३ च्या गाडीत मागचं सस्पेन्शन लेक्ससच्याच मोठ्या सेदानवरून, जीएसवरून घेतलं, बॉडी जास्त कडक केली, वळणावर ती तुमच्या गाडीपेक्षा नीट बसते आणि खरं सांगू, माझ्यापेक्षाही. मॅन्युअल गेलं, ग्रिल एवढी मोठी की समोरच्या गाडीचा ड्रायव्हर आरशात बघून दचकत असेल, पण चालवायला छान. तोवर बीएमडब्ल्यूनेही ३ सिरीजला इलेक्ट्रिक स्टिअरिंग देऊन टाकलं होतं, म्हणजे शेजाऱ्याचं घर उतरलं म्हणून आपलं उंच दिसलं असंही असेल. २०२१ मॉडेलला खालचा सांगाडा तोच ठेवून चाकं नटऐवजी बोल्टने बसवली, वजन कमी आणि पकड घट्ट. असल्या बारक्या गोष्टीवर कोणीतरी बसून डोकं लावलं, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

आयएस एफ, म्हणजे दुसऱ्या पिढीची सगळ्यात ताकदवान आयएस, राहिली. २००७ ला दाखवली, ५ लिटरचं व्ही८, ४१६ हॉर्सपॉवर, ती सोफा नव्हती, कबूल. २०२२ मॉडेलची आयएस ५०० पण नाही, ४७२. दोन्ही ऑटोमॅटिकच, पण त्या आवाजापुढे मी गप्प बसतो.

भारतात न आलेल्या गाडीवर मराठीत कशाला लिहिता, हाही तुमचा टोमणा होता. लेक्सस तिकडे २०१७ मध्ये गेली, ईएस वगैरे घेऊन, आयएस नेली नाही हे खरं. पण तुम्ही तीच गाडी चालवता आणि मराठीतच भांडता, मग मी कोणत्या भाषेत लिहू?

लेखातली गिअरची ओळ आत्ताच दुरुस्त केली. सोफा शब्द ठेवलाय, फक्त त्याच्या आधी 'भलताच वेगवान' एवढं घातलंय.