स्ट्राइक आउटला पाच राउंड: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत तो मेसेज मला चार जणांनी पाठवला. चौथा माझा सख्खा धाकटा भाऊ. "ताई, वाच. फार छान लिहिलंय. आमच्या सरांनी लागूसुद्धा केलं." त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, बारा वर्षांची आहे आणि नाशिकला गंगापूर रोडजवळच्या एका मैदानावर सॉफ्टबॉल खेळते. पहिल्या तिघांना मी काही बोलले नाही. आता बोलते.

मेसेजचं नाव 'चॅम्पियन बॅटर मनात घडतो'. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. मुद्दे सात. बॅटिंग हा ९० टक्के मनाचा खेळ. चेंडू बॅटला लागेपर्यंत नजर हटता कामा नये. स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू, होऊन बाद) होणारी मुलगी मनाने कमजोर, म्हणून प्रत्येक स्ट्राइक आउटला शिक्षा हवी, कारण 'भीतीच मनाला पोलादी करते'. रोज रात्री आपण होमरन मारतोय असं डोळ्यांसमोर आणा, २१ दिवसांत फरक दिसेल. कौतुक करू नका, मुली शेफारतात. प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, जाताना मनात राग आणा. आणि पालकांनी जाळीमागून सतत सूचना देत राहाव्यात.

कॉलेजात असताना मी स्वतः खेळले आहे. आता रविवारी या मुलींच्या सामन्यांचं स्कोअरबुक लिहिते, त्यामुळे शिक्षेच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीचे सहा वाया गेले तरी फार नुकसान नाही, पण या एकाने मुली खेळ सोडतील.

भाचीच्या प्रशिक्षक सरांनी नियम लावला की स्ट्राइक आउट झाली तर मैदानाला पाच राउंड. दोन रविवार गेले आणि भावाने मला आनंदाने सांगितलं, "बघ, स्ट्राइक आउट निम्म्यावर आले!" आकडा खरा होता. माझ्याच वहीत होता. पण वहीत नुसते स्ट्राइक आउट लिहीत नाहीत. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीने, चेंडू अडवून फर्स्ट बेसला फेकला आणि बॅटर आउट झाली, तर आम्ही १-३ लिहितो. पिचरचा क्रमांक एक, फर्स्ट बेसवाल्या मुलीचा तीन. त्या दोन रविवारची पानं १-३ ने भरली होती. भाचीचं सबंध पान पाहिलं: पहिलाच चेंडू, १-३. पुन्हा पहिलाच चेंडू, १-३. त्यानंतर पहिलाच चेंडू, कॅचरच्या डोक्यावर उंच उडालेला झेल. चार बॉल (बाहेरचे, न मारलेले चेंडू) मिळून आरामात फर्स्ट बेसवर जाणारी, म्हणजे वॉक घेणारी ही मुलगी, तिच्या नावापुढे एकही वॉक नव्हता.

सामना संपल्यावर मिसळ खाता खाता तिला विचारलं, "पहिल्याच चेंडूला का गं मारतेस? तो तर पार बाहेर होता." पाव मोडत ती म्हणाली, "आत्या, पहिल्यालाच मारलं की दोन स्ट्राइक होतच नाहीत. मग राउंड पण नाहीत."

बारा वर्षांच्या मुलीने शिक्षेचा नियम अचूक वाचला. शिक्षा स्ट्राइक आउटला आहे, पिचरच्या हातात चेंडू देण्याला नाही. म्हणून तिने स्ट्राइक आउट टाळला आणि बॅटिंग सोडून दिली. चेंडू चांगला आहे की वाईट हे ठरवणं, वाईट सोडणं, दोन स्ट्राइकनंतरही प्लेटवर टिकणं, यालाच तर बॅटिंगची मानसिक बाजू म्हणतात! जी गोष्ट शिकवायची म्हणून शिक्षा लावली, नेमकी तीच शिक्षेने मारली. आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सुधारणा झाली.

मेसेज म्हणतो हे 'विज्ञानाने सिद्ध' आहे. कुठल्या, ते लिहिलेलं नाही. मी एक सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून लहान मुलांच्या बेसबॉलच्या मैदानांवर जाऊन काम केलं. काही प्रशिक्षकांना हंगामाआधी काही तासांचं प्रशिक्षण दिलं: मुलाचं चुकलं की आधी धीर द्या, मग नेमकं काय बदलायचं ते सांगा, मेहनत दिसली की बोलून दाखवा, चुकीला शिक्षा नको. बाकीच्यांना त्यांच्या पद्धतीने शिकवू दिलं. १९९२ साली नॅन्सी बार्नेट यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी पाहिलं की पुढच्या हंगामात किती मुलं परत आली. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघांतून ५ टक्के मुलांनी खेळ सोडला होता. बाकीच्यांच्या संघांतून २६ टक्के. शंभरातली पाच की सव्वीस, एवढा फरक, आणि तो संघ जिंकले-हरल्यामुळे पडलेला नव्हता. त्याआधीच्या, १९७९ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. या वागण्याचा सर्वांत जास्त फायदा स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्या मुलांना झाला होता. ज्यांना मेसेज 'कमजोर मनाच्या' म्हणतो त्या याच मुली.

'अमेरिकेतलं इथे कशाला' असं भाऊ म्हणालाच. अरे, मग मेसेजमधला होमरन कुठला आहे? सॉफ्टबॉलच मुळात शिकागोत १८८७ साली सुरू झाला, पण आउट झाल्यावर पोटात येणारा गोळा सगळीकडे सारखाच.

एक मान्य करते. मुलींना कापसात गुंडाळून ठेवा असं माझं म्हणणं नाही. दबावाचा सराव लागतोच. सरावात मुद्दाम दोन स्ट्राइकपासून सुरुवात करायची, तिसऱ्या बेसवर रनर उभी करायची, बाकीच्यांना आरडाओरडा करू द्यायचा. त्यात मुली घामाघूम होतात आणि पुन्हा पुन्हा करायला मागतात. तिथे आउट झालं तर पुन्हा बॅट हातात मिळते, मैदानाला फेऱ्या नाही. मेसेजमध्ये हा फरकच नाही.

आता 'कमजोर मन'. २००४ मध्ये अमेरिकेत बेसबॉलच्या बड्या खेळाडूंचा एक प्रदर्शनी सॉफ्टबॉल सामना झाला. तिथे जेनी फिंच या सॉफ्टबॉल पिचरने अल्बर्ट पुजोल्स आणि माइक पियाझा यांना स्ट्राइक आउट केलं. त्या काळातले सर्वांत धोकादायक बॅटर होते ते. त्यांचं मन एका दुपारीत कमजोर झालं का? बेसबॉलमध्ये चेंडू वरून येतो, सॉफ्टबॉलमध्ये खालून; खालून येणारा हात त्यांनी आयुष्यभर पाहिलेला नव्हता, एवढंच. चेंडू कुठे येणार हे पिचरच्या कमरेवरून, मनगटावरून आधीच ओळखावं लागतं आणि ती ओळख बघून बघूनच येते. हिशोब करून बघा. मोठ्या मुलींच्या खेळात पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३ मीटरच्या आसपास. चेंडू ताशी ९० किलोमीटरने आला तर सेकंदाला २५ मीटर. अर्ध्या सेकंदाच्या आसपास सगळं संपतं. तेवढ्यात राग आणायला वेळ नाही, आणि आधीच आणला असेल तर हात आवळले जातात. ज्यांनी जानेवारीत नाशिकच्या सकाळी अल्युमिनियमची बॅट आवळून धरून चेंडू मुठीजवळ घेतलाय, त्यांना त्या झिणझिण्या माहीत आहेत.

म्हणून मानसिक सरावाची जी गोष्ट मी मुलींकडून खरोखर करून घेते ती अगदी साधी आहे. पिचर सराव करत असताना बॅटरने हेल्मेट घालून प्लेटजवळ उभं राहायचं, बॅट फिरवायची नाही. चेंडू हातातून सुटताच 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं, आणि कॅचरने नंतर सांगायचं, बरोबर की चूक. आधी 'हो' उशिरा येतो, चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्यावर. काही आठवड्यांनी तो अर्ध्या वाटेत येऊ लागतो. दुसरं, दोन चेंडूंच्या मधलं. एक पाय बॉक्सबाहेर, बॅटवरच्या एकाच खुणेकडे नजर, एक लांब श्वास बाहेर, आणि स्वतःचा ठरलेला एक शब्द. भाचीचा शब्द आहे 'बघ'. मागचा चेंडू तिथे संपतो.

'नजर बॅटपर्यंत' हे अर्धं खरं आहे. डोकं स्थिर राहावं म्हणून मीही ते सांगते. पण प्लेटजवळ आलेला वेगवान चेंडू डोळ्याला शेवटपर्यंत धरता येत नाही, आणि 'तू बघत नव्हतीस' म्हणून मुलीला ओरडणं हा अन्याय आहे.

२१ दिवसांचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणात आहे. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान तेवढे दिवस लागतात, असं त्याने लिहिलं. बॅटिंगचा तिथे संबंध नाही. डोळे मिटून सराव करणं मात्र उपयोगी आहे, सरावाला जोड म्हणून. फक्त होमरनऐवजी बाहेरचा चेंडू सोडलेला बघा.

९० टक्के कुणी मोजले, माहीत नाही. बेसबॉलचा बॅटर टेड विल्यम्स याची १९४१ ची बॅटिंग सरासरी .४०६ होती आणि ती आजही नावाजली जाते, म्हणजे दहातल्या जवळपास सहा वेळा तोही आउट. आपल्या मुलींना हा आकडा पहिल्याच दिवशी सांगायला हवा. कौतुकाने मुली शेफारत नाहीत. 'वा, वा' नको, 'तो तिसरा चेंडू सोडलास ते छान' असं म्हणा. आणि जाळीमागून सूचना देणाऱ्या आई-बाबांना माझी हात जोडून विनंती आहे, सामना सुरू असताना गप्प बसा. अर्ध्या सेकंदात तिने तुमचं ऐकायचं की चेंडू बघायचा?

मागच्या रविवारी वही घेऊन मी सरांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, मुलींसाठी पहाटे साडेपाचला मैदानावर येतात. १-३ ची पानं त्यांनी बराच वेळ बघितली. "राउंड या महिन्यापुरते थांबवतो," म्हणाले, "पण वॉक वाढले का ते मला दाखवा." दाखवणार आहे. तोपर्यंत ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी हा मजकूरही त्याच ग्रुपवर टाकावा.