अँपरसँड लावला म्हणजे काम सुटले असे नाही

वेबपाने चालवणाऱ्या पीएचपी या भाषेत काम करणाऱ्यांमध्ये एक तोडगा वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे. वेबपानावरून लांब चालणारी कमांड चालवायची असेल, समजा अपलोड झालेल्या व्हिडिओचे एफएफएमपेग या साधनाने रूपांतर करायचे असेल, तर म्हणे एकच ओळ पुरते: बाहेरची कमांड चालवणाऱ्या एक्झेक या फंक्शनमध्ये कमांडच्या आधी नोहप लिहावे, शेवटी अँपरसँड (&) द्यावा आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट-टाइम-लिमिट, म्हणजे स्क्रिप्टची वेळमर्यादा, शून्य (अमर्याद) करावी. मग पान लगेच मोकळे होते, वेळेची मर्यादा आड येत नाही, ब्राउझर बंद झाला तरी काम पूर्ण होते, आणि कामांची रांग किंवा ती उपसणारा वेगळा प्रोग्रॅम (वर्कर) हा निव्वळ खटाटोप ठरतो. यांपैकी ब्राउझर बंद केल्याने काम थांबत नाही, एवढा मुद्दा बरोबर आहे. बाकीचे मुद्दे मात्र टिकत नाहीत.

पान लगेच मोकळे होते, हा पहिला दावा पाच मिनिटांत पडताळता येतो. एक्झेकला ‘स्लीप ४०’ ही ४० सेकंद नुसती थांबणारी कमांड शेवटी अँपरसँड लावून द्या. पान ४० सेकंद अडकून बसेल. अँपरसँडचा अर्थ एवढाच की शेल, म्हणजे कमांड सुरू करून देणारा प्रोग्रॅम, त्या कमांडसाठी थांबत नाही. परंतु एक्झेक शेलच्या जाण्याची नव्हे, तर कमांडचे आउटपुट पीएचपीपर्यंत आणणाऱ्या पाइपचे दुसरे टोक बंद होण्याची वाट पाहत असते, आणि शेलकडून वारसाहक्काने मिळालेले ते टोक स्लीपने उघडेच धरलेले असते. प्रमाण आउटपुट एखाद्या फाइलकडे किंवा डेव्ह-नलकडे (लिहिलेले सगळे टाकून देणाऱ्या जागेकडे) वळवले की तेच पान तत्काळ परत येते. ही अट पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत एक्झेकच्याच पानावर नोंदवलेली आहे. फिरत्या तोडग्यातून नेमकी तीच गळून पडते.

त्यावर ‘पण नोहप लावले आहे ना’ असे उत्तर मिळते. नोहप आउटपुट वळवते ते फक्त टर्मिनलकडे (कमांड टाइप करण्याच्या खिडकीकडे) जाणारे. वेब सर्व्हरच्या प्रोसेसला टर्मिनलच नसल्यामुळे ते येथे काहीही वळवत नाही, आणि वरचा प्रयोग नोहप लावून केला तरी पान ४० सेकंदच घेते. त्याचे दुसरे काम म्हणजे टर्मिनल तुटल्यावर येणाऱ्या सिगहप या सिग्नलकडे दुर्लक्ष करायला लावणे. पण जिथे टर्मिनल नाही तिथे तुटणार तरी काय?

वेळमर्यादेचा उलगडा त्याच प्रयोगात होतो. पीएचपीची मूळ मर्यादा ३० सेकंदांची असूनही ४० सेकंद थांबलेली स्क्रिप्ट मारली गेली नाही, कारण लिनक्सवरील नेहमीच्या एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) मांडणीत बाहेरच्या कमांडसाठी थांबण्यात गेलेला वेळ त्या ३० सेकंदांत धरलाच जात नाही. वापरकर्त्याला दिसणारी, वेळ संपल्याची ५०४ ही चूक पुढे बसलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरची असते. त्याची वाट पाहण्याची मूळ मर्यादा ६० सेकंदांची आहे आणि पीएचपीत काहीही शून्य केले तरी त्याला त्याचा पत्ता नसतो.

आता काम पूर्ण होण्याविषयी. एका संस्थेच्या व्याख्यानांचे व्हिडिओ रूपांतरित करणारे पान मी याच पद्धतीने लिहिले होते, आउटपुट नीट डेव्ह-नलकडे वळवून. काही महिने सगळे सुरळीत चालले. मग तक्रार आली की ५२ मिनिटांचे व्याख्यान १९व्या मिनिटालाच संपते. फाइल बिघडलेली नव्हती, कोणत्याही प्लेअरवर बिनतक्रार चालत होती, म्हणून दोष आधी रेकॉर्डिंगवर ढकलला गेला. खरा प्रकार असा की उबुंटूचे स्वयंचलित अपडेट सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान चालते, त्या दिवशी त्यात पीएचपीचे पॅकेज होते आणि एफपीएम रीस्टार्ट झाले. एखादी सेवा थांबवताना सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवरील सेवा चालवणारा व्यवस्थापक, तिच्या नियंत्रण-गटातील (त्या सेवेतून सुरू झालेल्या प्रोसेसच्या गटातील) प्रत्येक प्रोसेसला सिगटर्म हा ‘थांब’ असा सिग्नल पाठवते, आणि तरीही कोणी उरलेच तर ९० सेकंदांनी सक्तीने मारणारा सिगकिल. एक्झेकने जन्माला घातलेले एफएफएमपेग त्याच गटात असते. नोहपने वा सेटसिडने (प्रोसेसला वेगळे सत्र देणाऱ्या कमांडने) त्याचा हा गट बदलत नाही. सिगटर्म मिळाल्यावर एफएफएमपेग शहाण्यासारखे वागते: हातातली फाइल व्यवस्थित बंद करते, सिग्नल १५ (म्हणजेच सिगटर्म) मिळाल्याचे त्रुटींच्या वाहिनीवर लिहिते आणि २५५ हा निर्गम-संकेत (काम कसे संपले हे सांगणारा आकडा; शून्य म्हणजे यश) देऊन बाहेर पडते. ती नोंद मी स्वतःच डेव्ह-नलमध्ये ओतत होतो, आणि निर्गम-संकेत विचारायला कोणी जागेवर नव्हते, कारण अँपरसँड लावलेल्या एक्झेकला मिळणारे शून्य हे शेलचे असते, कमांडचे नव्हे.

राहिला ‘खटाटोप’. वापरकर्त्याने बटण दोनदा दाबले की याच ओळीतून दोन एफएफएमपेग सुटतात, वीस जणांनी दाबले की वीस, आणि त्यांना आवरणारे कोणी नसते. फाइलचे नाव थेट कमांडमध्ये जोडले असेल तर नावातला एक अर्धविराम दुसरीच कमांड चालवू शकतो. त्यावरचा उपाय म्हणून नाव सुरक्षित अवतरणात बांधणारे एस्केपशेलआर्ग हे फंक्शन सांगितले जाते आणि ते वापरलेच पाहिजे. मात्र लोकेल (भाषा आणि अक्षरांची मांडणी ठरवणारी सेटिंग) ‘सी’ असेल तर ते देवनागरी अक्षरे गुपचूप गिळते आणि ‘वार्षिक संमेलन’ नावाच्या फाइलचे उरते फक्त मधले रिकामे अंतर. आपल्याकडे हा अपवाद नसून रोजचा प्रसंग आहे, म्हणून डिस्कवर फाइलला नोंदीचा क्रमांकच नाव म्हणून द्यावा.

ज्याला खटाटोप म्हटले जाते तो प्रत्यक्षात डेटाबेसमधल्या एका तक्त्याएवढा आहे. अपलोडचे पान त्यात ‘प्रलंबित’ अशी नोंद करते आणि मोकळे होते. सिस्टमडीखाली स्वतंत्र सेवा म्हणून चालणारी कमांड-लाइनवरची पीएचपी स्क्रिप्ट, जिथे वेळमर्यादा मुळातच शून्य असते, एकेक नोंद उचलते, एफएफएमपेग संपेपर्यंत थांबते आणि निर्गम-संकेत नोंदवते. स्वतंत्र सेवा चालवण्याची मुभा नसलेल्या होस्टिंगवर दर मिनिटाचा क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय) आणि त्यावर एफलॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारे कुलूप) एवढ्यावर भागते, अर्थात तिथे एक्झेकच बंद ठेवलेले नसेल तर. वर्करही कधीतरी रीस्टार्ट होणारच. त्यामुळे सुरू होताना तो आधी ‘चालू’ म्हणून अडकलेल्या नोंदी पुन्हा ‘प्रलंबित’ करतो, आणि तयार होणारी फाइल तात्पुरत्या नावाने लिहून, संकेत शून्य आला आणि लांबी मूळ व्हिडिओशी जुळली, तरच तिला खरे नाव देतो. ते ५२ मिनिटांचे व्याख्यान मी याच मार्गाने पुन्हा काढले.