रॉकी खरंच घाबरला का?

‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’ या १९३८ सालच्या सिनेमाबद्दल एक मजकूर जुन्या हॉलिवूडपटांच्या चाहत्यांमध्ये सारखा फिरत असतो. त्याचा सारांश असा: शेवटी रॉकी हा गुंड विजेच्या खुर्चीसमोर गयावया करतो ते नाटक, आणि रॉकीची भूमिका करणाऱ्या जेम्स कॅग्नीनेच तसं सांगून ठेवलंय. तो शेवट सेन्सॉरच्या धाकाने चिकटवलेला. आणि एकूण सिनेमा म्हणजे दोन मित्रांतला एक मुळात चांगला, दुसरा मुळात वाईट, याचं प्रवचन. यातलं पहिलं धडधडीत चूक आहे, दुसरं अर्धवट आहे आणि तिसरं वाचून मला मनापासून राग येतो.

ज्यांनी सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतली दोन मुलं, रॉकी आणि जेरी, मालगाडीच्या डब्यात चोरी करायला शिरतात. पोलीस येतात. जेरी पळून जातो, रॉकी सापडतो. रॉकी सुधारगृहात जातो आणि पुढे नामचीन गुंड होतो. जेरी पाद्री होतो आणि त्याच वस्तीतल्या मुलांना सांभाळू लागतो. ती मुलं रॉकीला देव मानतात. रॉकीला देहदंड होतो तेव्हा जेरी त्याच्याकडे एक विचित्र मागणी करतो: मरताना भेकडासारखा मर, म्हणजे या पोरांच्या मनातून तू उतरशील. रॉकी तोंडावर नकार देतो. आणि मग शेवटच्या क्षणी ओरडतो, रडतो, मरायचं नाही म्हणतो.

आता कॅग्नीचं म्हणणं. १९७६ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने या प्रसंगाबद्दल लिहिलंय. रॉकीने ते मुद्दाम केलं की तो खरोखर गळाठला, हे लोक त्याला आयुष्यभर विचारत राहिले. त्याचं उत्तर असं की तो प्रसंग आपण जाणूनबुजून दोन्ही बाजूंनी वाचता येईल असा वठवला, निवड बघणाऱ्याने करायची. म्हणजे ज्याच्या नावावर हे ‘उत्तर’ खपवलं जातंय, त्यानेच ते द्यायचं नाकारलं होतं. दिग्दर्शक मायकल कर्टिझनेही कॅमेऱ्याला तेच करायला लावलं आहे. त्या घटकेला रॉकीचा चेहरा दिसत नाही. भिंतीवर सावल्या पडतात, पाइपाला घट्ट धरलेले हात दिसतात, आवाज ऐकू येतो. चेहरा दिसतो तो जेरीचा. चेहरा वाचून निकाल लावायची सोयच ठेवलेली नाही.

सेन्सॉरबद्दल. हॉलिवूडचा प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याची नियमावली, १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या हाताखाली कडकपणे लागू झाला, आणि खुन्याला मोकळं सोडणारा सिनेमा त्यातून सुटला नसता, हे खरं. पण कोडचं समाधान रॉकीच्या मरणाने होत होतंच. तो ताठ मानेने मेला असता तरी शिक्षा ती शिक्षाच. मित्राने मित्राकडे मरताना अब्रू मागावी, ही गोष्ट कुठल्याही नियमाच्या पोटात नव्हती. ती लिहिणाऱ्यांची आहे. शिवाय नुसतं प्रवचनच द्यायचं असतं तर शेवटी पाद्र्याच्या तोंडी असं संशयास्पद वाक्य ठेवलं असतं का? पोरं विचारतात, पेपरात आलंय ते खरं का? जेरी म्हणतो, अक्षर न् अक्षर खरं. रॉकीने नाटक केलं असेल तर हे खोटं आहे, आणि ते खोटं एक पाद्री बोलतोय.

मला खरं बोलायचंय ते तिसऱ्या मुद्द्यावर. ‘मुळात चांगला, मुळात वाईट’ हे सिनेमात कुठे आहे? सुरुवातीला दोघं एकाच डब्यात शिरतात, एकाच गुन्ह्यात असतात. रॉकी पकडला गेल्यावर जेरी त्याला भेटायला येतो, आपलंही नाव सांगतो म्हणतो. रॉकीच त्याला गप्प बसवतो. जेरीच्या पुढच्या सगळ्या आयुष्याला त्या गप्प बसण्याने जागा करून दिली. सुधारगृहात रॉकी सुधारत नाही, तिथून बाहेर पडल्यावर गुन्ह्यांची आणि तुरुंगवासांची रांग लागते. नंतर वकील फ्रेझरचा गुन्हाही तो स्वतःच्या अंगावर घेतो (हा वकील हंफ्री बोगार्टने केलाय, तेव्हा तो अजून नायक व्हायचा होता), आणि बाहेर आल्यावर तोच वकील त्याला दगा देतो. आणि ज्या खुनांमुळे रॉकी खुर्चीपर्यंत पोचतो, ते त्याने का केले? फ्रेझर आणि त्याचा साथीदार जेरीला मारायचा बेत करत होते म्हणून. दोनदा रॉकीने किंमत मोजली आणि दोन्ही वेळा वाचला जेरी. तरी तिसऱ्यांदा मागायला जेरीच येतो. जेरी झालेल्या पॅट ओब्रायनने ती मागणी करताना आवाज जराही चढवलेला नाही. आपण कुणाकडे काय मागतोय हे त्या माणसाला पुरतं कळलेलं आहे.

कॅग्नीला हे बाहेरून शिकावं लागलं नव्हतं. तो न्यूयॉर्कच्या अशाच गल्ल्यांत वाढला, आणि त्याच्या बेसबॉल संघातला एक मुलगा १९२७ साली सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीवर गेला. एकाच मैदानावर खेळलेली दोन पोरं, त्यातलं एक नट झालं. कोण मुळात चांगलं होतं, हे तिथे कुणी कसं ठरवायचं?

रॉकीने नाटक केलं की नाही, यावर वाद घालणारे एक गोष्ट विसरतात. जेरीलाही ते माहीत नाही. त्याला नकार मिळाला होता, नंतर कुणी काही सांगितलं नाही. सावलीतून आलेला तो आवाज ऐकून तो वर बघतो, डोळे भरलेले असतात, आणि आपण ऐकलं ते मित्राचं दान होतं की मित्राची भीती, हे न कळताच त्याला तळघरात मुलांसमोर उभं राहावं लागतं. तिथे तो म्हणतो, चला, प्रार्थना करू या, एका अशा मुलासाठी ज्याला माझ्याइतक्या जोरात पळता आलं नाही. पापी मुलासाठी, वाट चुकलेल्या मुलासाठी, असं तो म्हणत नाही. आणि मग पोरांना घेऊन जिना चढू लागतो.